आठही दिवे लागले, तरी नेट ९४ वरच

आधी कामाचं सांगते. प्लॅन १०० च्या वरचा असून घरात वायर लावून नेटचा स्पीड तपासला आणि आकडा सकाळ-संध्याकाळ ९३, ९४, फार तर ९५ असाच येत असेल, तर प्लॅन बदलू नका, वायर बघा. कंपनीकडून नेट कमी येत असेल तर आकडा हलतो, कधी ६०, कधी १८०. ९४ ला येऊन ठाण मांडलेला आकडा म्हणजे मधला कुठलातरी लॅनचा (घरातल्या नेटच्या वायरीचा) जोड १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर चाललाय. त्या १०० मधले थोडे डेटाच्या पाकिटांवरची पत्ता-बित्ता माहिती खाते, बाकी आपल्या हातात.

हे एवढं वाक्य मला कस्टमर केअरमधल्या एकानेही सांगितलं नाही.

आमचं रो-हाउस कोल्हापुरात, कळंब्याला. फायबरचा डबा खाली हॉलमध्ये टीव्हीमागे, आणि माझं काम वरच्या खोलीत. बांधकामातच वायरमनने भिंतीतल्या पाइपातून लॅन केबल वर नेली होती, वर दुसरा राउटर. प्लॅन २०० चा, वर मात्र ९४. तेही एक वेळ चाललं असतं, पण मिटिंगमध्ये नेट मधेच चार-पाच सेकंद गायब व्हायचं आणि समोरचे साहेब 'मॅडम, आवाज येत नाही' करत बसायचे. फोन केला की तिकडून एकच मंत्र: राउटर बंद करा, तीस सेकंदांनी चालू करा.

शेवटी कंपनीचा पोरगा आला. डब्यासमोर उभा राहिला, मोबाइलवर स्पीड काढला, २१०. "ओके हाय की मॅडम."

"अरे, वर येऊन बघ ना."

"वरची वायर तुमची. आमचं डब्यापर्यंतच."

तो गाडीला किक मारतोय तोवर माझ्या मोबाइलवर मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मग फोन, मॅडम ३०० चा प्लॅन घेता का! १०० वर अडलेल्या वायरीतून ३०० कुठून जाणार? पोरगा चुकीचं बोलला असं नाही, घरातली वायर खरंच आपली असते. पण मग 'आमच्याकडचं नेट ठीक, घरातली वायर तपासा' असं लिहा की. 'सोडवली' काय? (तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तो असला तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.)

मग वायरमनला बोलावलं. त्याचं म्हणणं, "वहिनी, आपल्या कामात फॉल्ट नसतो. कंपनीच स्पीड मारती." त्याने टेस्टर लावला. दोन छोट्या डब्या असतात, एक खाली, एक वर, आणि १ ते ८ दिवे ओळीने लागतात. आठच्या आठ लागले, तेही बरोबर क्रमाने. "बघा. आता कंपनीला धरा." कंपनी म्हणते वायर, वायरमन म्हणतो कंपनी, आणि पैसे दोघांना मी देते. माझी इथे खरी चिडचिड झाली, कारण टेस्टरच पास म्हणतोय तर भांडायचं कशावर?

मग मी लॅपटॉप खाली नेला आणि हातभर नवी केबल थेट डब्यात लावली. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट, तिथे लिंक स्पीड, म्हणजे वायरीचा जोड किती एमबीपीएसवर चाललाय ते दिसतं. खाली १०००/१०००. वर भिंतीतल्या केबलचं टोक राउटर काढून थेट लॅपटॉपला लावलं, १००/१००. म्हणजे डबा चांगला, लॅपटॉप चांगला. (वरचा राउटर मधून काढायचाच. बऱ्याच स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात, मग वायरीला उगाच शिव्या बसतात.)

कोडं सुटलं राजारामपुरीत, कॉम्प्युटरच्या दुकानात. केबल विकत घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाले, नवी कशाला, टोकांचे फोटो दाखवा. प्लग पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. फोटो मोठा करून बघितला आणि हसले. "जोडीला जोडी लावून दिलीय हो त्यानं."

पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. दोन्हीकडे हाच क्रम. दिसायला सुंदर. पण केबलमधल्या तारा दोन-दोन पिळलेल्या असतात त्या बाहेरचा गोंगाट एकमेकींत मारून टाकायला, आणि ते जमतं एकच सिग्नल त्या जोडीतून गेला तरच. प्लगात ३ आणि ६ नंबर मिळून एक जोडी, ४ आणि ५ मिळून दुसरी. वायरमनच्या क्रमात ३ वर हिरव्याची तार आणि ६ वर निळ्याची! टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का एवढंच बघतो, म्हणून दिवे आठही लागतात. १०० ला दोन जोड्या पुरतात, तेवढं कसंबसं रेटत होतं आणि मधेच मान टाकत होतं. १००० ला चारही जोड्या ठणठणीत लागतात.

बरोबर क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. प्लगाची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल आपल्याकडे, आणि डावीकडून मोजायला सुरुवात. दोन्ही टोकं मी स्वतः क्रिम्प केली, म्हणजे नवे प्लग पक्कडीने दाबून बसवले. पहिले काही प्लग कचऱ्यात गेले, ते जातातच, जास्तीचे आणा. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका आणि बाहेरचं कव्हर प्लगाच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण नुसत्या तारांवर येतो.

वर लिंक १०००/१०००, स्पीड २०६. मी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला आणि कुणी विचारलं नसताना तो कशाचा आहे तेही सविस्तर लिहिलं.

केबल नवी घेणार असाल तर तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत ठेवा. कॅट ५ई दर्जाची असली तरी १०० मीटरपर्यंत १००० चालतं, घराला रग्गड. लाइटच्या वायरीच्या पाइपातून लॅन नेऊ देऊ नका. आमच्याकडे नेलीय, आता भिंत कोण फोडणार.

वायरमनलाही रंगांचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी त्याचाच फोन, "वहिनी, फुलेवाडीच्या बंगल्यात तर सगळीकडं रंगांचा माझाच क्रम हाय. पीओपी बी झालंय." म्हटलं, भाऊ, पीओपीला हात लावू नका, टोकं बाहेरच आहेत, तेवढी कापून परत मारा.