छत्तीस नंबरचे पत्र

दर वर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी, बाबांचे तीन जुने सोबती सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येतात. चौघेही लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून स्टोकर, म्हणजे जहाजाचे बॉयलर सांभाळणारे नौसैनिक, झाले आणि १९७१च्या युद्धात चौघेही 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर होते. जेवणाआधी पेन्शन, औषधे आणि कॅन्टीनचे सामान यांवर बोलणे होते आणि पानावर बसल्यावर गाडी बॉयलर रूमकडे वळते. लहानपणापासून मी हे ऐकत आलो आहे. या वर्षी मात्र आईने कपाटातून निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा काढून आणला, आणि इतकी वर्षे मी ही गोष्ट निम्मीच ऐकत होतो, हे माझ्या लक्षात आले.

बाबांच्या बाजूची निम्मी गोष्ट अशी. 'विक्रांत'ला चार बॉयलर होते आणि त्यांपैकी एकाला तडे गेल्यामुळे जहाजाचा वेग कमी करावा लागला होता. विमानवाहू जहाजाला वेग केवळ पोहोचण्यासाठी लागत नाही. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते, त्यामुळे धावपट्टीवर वारा मिळतो आणि विमानाला उचल मिळते. वारा पडलेला असला आणि जहाजही मंद असले, तर 'अलिझे'सारखे विमान उडवणे अवघड होऊन बसते. अशा अवस्थेतले जहाज लढाईत न्यावे की नाही, याचा वरिष्ठांनी पुष्कळ विचार केला आणि अखेर ते बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या आसऱ्याला नेले. ४ डिसेंबरला तिच्यावरच्या 'सी हॉक' विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, हे पुस्तकांत सापडते. बाबांनी त्या दिवशी एकही विमान उडताना पाहिले नाही. विमान फेकणारे कॅटापुल्ट वाफेवर चाले आणि ती वाफ यांच्याच बॉयलरमधून जाई. वर धक्का बसला की खाली दाबाचा काटा उतरे, तो पुन्हा वर आणेपर्यंत पुढचा धक्का येई. बाबांनी लढाई पाहिली ती अशी, काट्यावर डोळे ठेवून आणि धक्के मोजत. हे सांगताना त्यांचा उजवा हात अजूनही नकळत झडप फिरवल्यासारखा वळतो, आणि मनगटाच्या वर वाफेच्या नळीने भाजल्याचा पांढुरका डाग दिसतो.

आणखी एक गोष्ट चौघांच्याही बायका सांगतात. जहाजावर पंख्यांचा आणि यंत्रांचा आवाज रात्रंदिवस चालू असतो, त्या आवाजात माणूस गाढ झोपतो, आणि तो आवाज थांबला तर मात्र ताडकन उठतो, कारण आवाज थांबणे म्हणजे काहीतरी बिघडणे. बाबांना निवृत्त होऊन कित्येक वर्षे झाली, तरी रात्री वीज जाऊन पंखा बंद पडला की ते उठून बसतात. आई काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवते. मला वाटते, नौदलातल्या नोकरीचा हा भाग कोणत्याही सेवापुस्तकात नोंदलेला नसतो आणि तो घरच्यांनाच ठाऊक असतो.

आता आईची बाजू. तिचे लग्न होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते, मांडीवर मोठी ताई होती आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात सासरी होती. पत्त्यावर जहाजाचे नाव आणि मुंबईचे फ्लीट मेल ऑफिस एवढेच असे. जहाज कुठे आहे हे घरच्यांना कळत नसे आणि पत्रात लिहिण्याची परवानगीही नसे. टपाल साठून एकदम येई, म्हणून बाबा प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात नंबर घालत. एकतीस ते पस्तीस ही पत्रे एकाच दिवशी आली. त्यानंतर दीड महिना काहीच आले नाही. ९ डिसेंबरला दीवजवळ आपल्या नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबरच गेले, त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ही बातमी गावात पोहोचली, तेव्हा 'नौदलाचे मोठे जहाज बुडाले' एवढाच तिचा आकार उरला होता. आजी देवापाशी बसून राहिली. आईने ताईला कडेवर घेतले आणि ती दोन मैल चालत पोस्टमास्तरांकडे गेली, कारण त्यांच्याकडे वर्तमानपत्र येत असे. जहाजाचे नाव तिने स्वतः वाचले. ते 'विक्रांत' नव्हते. "मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या घरांची आठवण होऊन लाज वाटली," हे तिने या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितले. चौघांपैकी एका काकांचा लोणावळ्याचा सोबती 'खुकरी'वर होता. ते उठून बाहेरच्या पडवीत गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन बसले.

त्याच युद्धातली एक हकिकत मला त्या वेळी आठवली आणि मी ती सांगितली. 'विक्रांत'च्या शोधात आलेल्या पाकिस्तानच्या 'गाझी' पाणबुडीला चकवण्यासाठी पूर्व नौदल कमांडने जहाज विशाखापट्टणमच्या आसपासच असल्याचा देखावा केला होता. 'राजपूत' ही जुनी विनाशिका 'विक्रांत' असल्याचे भासवण्यात आले, आणि 'विक्रांत'वरच्या एका खलाशाच्या नावाने, आजारी आईची चौकशी करणारी एक साधी तार मुद्दाम उघडपणे पाठवण्यात आली. 'गाझी' ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळच बुडाली. ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे खोटी तार जाऊ शकत होती, आणि खरं पत्र येऊ शकत नव्हतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण बाबांनी मान खाली घातली, कारण ते दीड महिने तिने कसे काढले हे विचारायचे त्यांच्याकडून राहूनच गेले होते, आणि तिनेही कधी सांगितले नव्हते.

त्यांचे जहाज आता नाही. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते सेवेतून निवृत्त झाले, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे राहिले आणि पुढे भंगारात गेले. २०२२ साली त्याच नावाचे नवे जहाज कोचीत नौदलात दाखल झाले, तो सोहळा या चौघांनी आमच्याच टीव्हीवर उभे राहून पाहिला. पण जुन्या 'विक्रांत'चे जे काही आमच्या घरी शिल्लक आहे, ते म्हणजे तो पत्रांचा गठ्ठा. आईने त्या रात्री पत्रे ओळीने सतरंजीवर मांडली. पस्तीसनंतर थेट सदतीस नंबर आहे, जानेवारीतला. छत्तीसावे कधी आलेच नाही.

"अहो, छत्तीसमध्ये काय लिहिलं होतंत?" तिने विचारले.

बाबांनी सदतीसावे पत्र उचलले, चष्मा सावरून त्याची घडी उलगडली आणि पुन्हा मिटून जागेवर ठेवले.

"भाताची मळणी झाली का, ते विचारलं असेल," ते म्हणाले.

"झाली होती," आई म्हणाली. "अकरा मण निघालं होतं."