तुम्ही विचारलंत म्हणून: हे रंग खरे का?

तेजोमेघाचा फोटो दाखवला की प्रश्न ठरलेला. 'रंग खरे आहेत, की फोटोशॉपमध्ये भरलेत?' बारा वर्षं ऐकतोय. आता एकदाच नीट सांगतो.

मिथुन राशीतला एबेल २१ घ्या, म्हणजे मेड्युसा. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू. त्यातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर लाल, तर ऑक्सिजन ५००.७ वर निळसर हिरवा प्रकाश देतो. दोन फिल्टर लावून दोन कृष्णधवल फोटो घेतो आणि रंग नंतर देतो. हो, मीच देतो. पण प्रकाश तिथूनच आलेला असतो. एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, हा त्या तेजोमेघाचा दोष नाही.

हे मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो.

मग ती जानेवारी आली. वेल्ह्याकडच्या माळावर आठ इंची दुर्बिणीतून, पाच-पाच मिनिटांचे एक्सपोजर घेत, पाच रात्रींत १४ तास जमवले. ऑक्सिजनचे फोटो एकावर एक रचून अंधुक भाग उजळवला, तर मेड्युसाच्या बाहेर एक फिकट कमान! रात्रभर झोप नाही. आठवीत ज्यांनी मला शनी दाखवला त्या सरांना मोठी प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत लावली. आल्यागेल्याला कमानीवर बोट ठेवून दाखवतात.

मार्चमध्ये कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घेतले. कमानही फिरली. आकाशातली वस्तू कॅमेऱ्याबरोबर फिरत नाही.

पहिल्या रात्रीनंतर मी फिल्टर पुसला होता, पण फिल्टरवरच्या डागांची दुरुस्ती करायला कोऱ्या उजेडाचे जे फोटो घेतात, ते 'फ्लॅट' मात्र जुनेच वापरत राहिलो. पहाटे नळीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून दहा मिनिटं द्यायची, तेवढाही कंटाळा केला. जो डाग पुसून गेला होता, त्याची दुरुस्ती सॉफ्टवेअर इमानाने करत राहिलं, आणि तिथे उजळ कमान उमटली.

तेव्हाचा मी म्हणतो, रंग तर खोटे नव्हते ना, ही नुसती चूक. चूक होतीच. पण ती कमान मला हवी होती म्हणून मी तपासली नाही, हे त्याला कबूल करवत नाही. मलाही रोज करवतं असं नाही.

परवा सरांचा फोन होता. 'अरे, त्या कमानीचं पुढे काय झालं?'

'बघतोय सर,' म्हणालो. 'अजून डेटा कमी पडतोय.'