निक्सन गेले, क्षमादान राहिलं

९ ऑगस्ट, रात्री

आज क्रांतिदिन. सकाळपासून ऑगस्ट क्रांती मैदानाचे फोटो येत होते. माझ्या डोक्यात मात्र याच तारखेची दुसरी एक घटना घोळत राहिली. ९ ऑगस्ट १९७४ ला रिचर्ड निक्सन अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. आदल्या रात्री टीव्हीवरून त्यांनी राजीनामा जाहीर केला होता. राजीनामा देऊन गेलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकी अध्यक्ष. विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न, म्हणजे वॉटरगेट प्रकरण, त्यांना भोवलं. दुपारी सगळी कामं बाजूला ठेवून वॉटरगेटचं जुनं वाचन पुन्हा काढलं. या प्रकरणाचा मला फार वर्षांपासून नाद आहे.

वाचायला घेतलं की मी आधी फ्रँक विल्सपाशी थांबते. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीतला हा चोवीस वर्षांचा रात्रपाळीचा वॉचमन. १७ जून १९७२, मध्यरात्र उलटून गेलेली. तळघरातल्या गॅरेजच्या दाराला, कुलपाच्या जिभेवर, त्याला चिकटपट्टी दिसली. दार लोटलं तरी कुलूप लागू नये अशी ती लावलेली होती. सफाईवाल्यांनी लावली असेल असं समजून त्याने ती काढून टाकली आणि तो पुढे गेला. थोड्या वेळाने परत येऊन बघतो तर पट्टी पुन्हा जागच्या जागी! मग मात्र त्याने सरळ पोलिसांना फोन लावला. साध्या वेशातले पोलीस आले आणि सहाव्या मजल्यावर, निक्सन यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, पाच जण रंगेहाथ सापडले. त्यांच्याकडे कॅमेरे होते, चोरून ऐकण्याची यंत्रं होती. त्यातला जेम्स मॅकॉर्ड हा सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा माजी माणूस, आणि निक्सन यांच्या निवडणूक समितीची सुरक्षा तोच पाहत होता.

विल्सची पुढची कहाणी वाचताना जीव तुटतो. त्याला धड नोकरी टिकली नाही आणि २००० साली तो गरिबीतच गेला. याच प्रकरणात शिक्षा भोगून आलेल्यांना पुस्तकं लिहायला मिळाली, घरफोडीचा बेत आखणाऱ्या गॉर्डन लिडीला तर रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. इतक्या वर्षांनंतरही मला याचा राग येतो.

मग त्या ध्वनिफिती. फेब्रुवारी १९७१ पासून निक्सन यांच्या कार्यालयातलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड होत होतं. आपल्याला ते परकं नाही, कारण नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीमागे निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर त्यांच्याबद्दल आणि एकूणच भारतीयांबद्दल जे बोलले, तेही याच यंत्राने टिपलं. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आपल्याकडे आले होते आणि तिकडे शिवीगाळ चालली होती. ते संवाद मी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगाची लाही लाही झाली होती.

या फिती आहेत हे बाहेर आलं १६ जुलै १९७३ ला, निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या चौकशी समितीपुढे सांगितलं तेव्हा. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स फिती मागत राहिले, म्हणून निक्सन यांनी त्यांना काढायचं फर्मान सोडलं. २० ऑक्टोबरची ती शनिवारची रात्र. न्याय खात्याचे प्रमुख, म्हणजे अॅटर्नी जनरल, इलियट रिचर्डसन यांनी हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्या खालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. तिसऱ्या माणसाने, रॉबर्ट बोर्क यांनी, सही केली. त्या दोघांना खुर्ची सोडणं परवडण्यासारखं होतं असं कोणी म्हणेल, तरीही माझ्या मनात त्यांचं स्थान फार वरचं आहे.

२४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने फिती द्याव्याच लागतील असा ८ विरुद्ध ० निकाल दिला. त्या आठांपैकी तिघे खुद्द निक्सन यांनी नेमलेले, आणि निकालपत्र त्यांनीच नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांचं. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ चं संभाषण जगापुढे आलं. घरफोडीला जेमतेम आठवडा झाला होता आणि निक्सन आपल्या मुख्य सहायकाशी, हॉल्डमनशी, बोलत होते: एफबीआयचा तपास थांबवायला सीआयएला पुढे करायचं. दोन दिवसांनी सिनेटर बॅरी गोल्डवॉटर आणि निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे आणखी दोन ज्येष्ठ नेते भेटायला गेले. संसदेत आता तुमच्यामागे पुरेसे लोक उरलेले नाहीत, हे त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं.

इथवर वाचताना दर वेळी उभारी येते. पुढच्या पानावर मात्र ८ सप्टेंबर असतो. नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी रविवारी सकाळी निक्सन यांना संपूर्ण क्षमादान देऊन टाकलं. खटला नाही, साक्षी नाहीत, निकाल नाही. हॉल्डमन, निक्सन यांचे दुसरे सहायक एर्लिकमन आणि माजी अॅटर्नी जनरल मिशेल पुढे दीड-दीड वर्ष तुरुंगात काढून आले. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते कॅलिफोर्नियात आपल्या घरी राहिले. देशाच्या जखमा भरून याव्यात म्हणून क्षमा केली, असं फोर्ड सांगत. २००१ मध्ये त्यांना या धैर्याबद्दल पुरस्कारही मिळाला. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

कायदे मात्र झाले, आणि चांगले झाले. १९७४ मध्ये निवडणूक खर्चावर मर्यादा आली, १९७८ मध्ये अध्यक्षांची कागदपत्रं सरकारी मालकीची ठरली, देशांतर्गत हेरगिरीसाठी न्यायालयाची परवानगी बंधनकारक झाली. त्यातल्या पैशाच्या बंधनांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ आणि २०१० च्या निकालांनी मोठी भोकं पाडली.

पण जो प्रश्न १९७४ मध्ये कोर्टात जायला हवा होता, तो तसाच लटकत राहिला: अध्यक्षावर पदावर असताना केलेल्या कृत्यांसाठी फौजदारी खटला चालतो का? उत्तर यायला १ जुलै २०२४ उजाडावं लागलं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाच्या अधिकृत कृतींना मोठं संरक्षण दिलं, त्याच्या गाभ्याच्या अधिकारांना तर पूर्णच. इतकंच नाही, अशा संरक्षित कृती दुसऱ्या आरोपात पुरावा म्हणून आणण्यावरही बंधनं घातली. मी आज २३ जूनचं ते संभाषण या निकालाशेजारी ठेवून वाचलं. सीआयएला हुकूम देणं हे अध्यक्षाचं अधिकृत काम आहे, असा युक्तिवाद निक्सन यांच्या वकिलांनी नक्की केला असता, आणि माझ्या मते तो बराच टिकला असता. न्यायमूर्ती सोटोमायर यांनी आपल्या विरोधी मतात फोर्ड यांच्या क्षमादानाचा दाखला दिलाय, आणि तो बिनतोड आहे. खटला होऊच शकत नव्हता, तर क्षमा कशाची केली आणि निक्सन यांनी ती घेतली कशाला?

१९७७ मध्ये डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या मुलाखतीत निक्सन म्हणाले होते की अध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतं. तेव्हा लोक ऐकून अवाक् झाले होते. विरोधी निकालपत्र आज अर्धंच झालंय, उरलेलं उद्या सकाळी वाचायला घेणार आहे.