जुन्या फायबर होडीचे खरे वजन

आम्ही देवबागमध्ये १६ फुटी, साडेपाच फूट रुंदीची एक जुनी फायबरची होडी विकत घेतली आणि इंजिन लावून कर्ली खाडीत सोडली, तेव्हा धक्क्यावर उभे असलेले एक वयस्क तांडेल (होडी चालवणारे) एवढेच म्हणाले, "होडी मागसून बसली हा," म्हणजे मागून खाली दबली आहे. होडीत त्या वेळी एकही माणूस नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ती टेम्पोवर चढवून वजनकाट्यावर नेली. इंजिन उतरवलेले होते, तरीही भरलेल्या आणि रिकाम्या टेम्पोच्या वजनांत ३४० किलोंचा फरक आला, आणि या मापाच्या होडीचे वजन २५० किलोंच्या आसपास असावे असा माझा अंदाज होता. मग मागच्या बाजूला होडीच्या आतल्या जमिनीला चार इंची भोक पाडून हात घातला. होडी बुडू नये म्हणून आत भरलेल्या फोमचा तुकडा हाताला लागला, तो मुठीत दाबला आणि कोपरापर्यंत तपकिरी पाणी ओघळले. जमिनीच्या स्क्रूंच्या भोकांतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी फोमने धरून ठेवले होते. जुनी होडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की रंग आणि इंजिन पाहण्याआधी तिचे वजन करून घ्यावे.

इंजिन ज्या मागच्या फळीवर बसते, तिच्यात फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यावर कडेला टणक आवाज येत होता, पण बोल्टांच्या भोवती तो भद्द येऊ लागला. तिथे बारीक ड्रिल मारले तर भुसा काळा आणि ओला निघाला. आतला थर कापून सगळे प्लाय काढावे लागले, फोम बदलावा लागला, आणि त्यात पावसाळा संपला. नवे मरीन प्लाय बसवताना बोल्टाची भोके मुद्दाम मोठी पाडली, ती घट्ट इपॉक्सीने (सुकल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) भरली आणि इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर तिच्यातून योग्य मापाचे भोक पाडले, म्हणजे बोल्टाजवळून पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही.

इंजिन निवडताना ताकदीइतकेच वजनही पाहावे लागते. जुन्या होड्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळातल्या आहेत. तेवढ्याच ४० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन साधारण २० किलोंनी जड भरते, आणि हे सारे वजन अगदी टोकाला लटकते. म्हणून मी सुमारे ६० किलोंचे २५ हॉर्सपॉवरचे घेतले. पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत आणली आणि बॅटरी मधल्या बाकाखाली सरकवली. अंतर वाढल्यामुळे केबल जाड घ्यावी लागली.

किती माणसे घ्यायची, हा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक आहे. अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरबोटींवर १९७२ पासून क्षमतेची पाटी लावावी लागते, आणि पाटी नसेल तर लांबी गुणिले रुंदी, भागिले १५, असा फुटांतला ढोबळ हिशेब करतात. आमच्या होडीला तो ५.९ येतो, म्हणजे पाच माणसे, आणि तीही शांत पाण्यात. फोममधले ते ९० किलो पाणी तसेच राहिले असते, तर त्यातले एक माणूस आम्ही न मोजताच आधी बसवलेले असते.

म्हणून धक्क्याला बांधलेल्या होडीत पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन एकेक करून ठेवले आणि दर वेळी इंजिनाजवळच्या खाचेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले, कारण पाणी आत शिरते ते सर्वांत सखल जागेतून. सगळे कॅन मागे सरकवल्यावर ते अंतर झपाट्याने घटले. तेच वजन मधोमध आणि तळाशी ठेवल्यावर होडी सपाट बसली. तळाशी साचणाऱ्या पाण्याचाही हिशेब धरावा. पाच चौरस मीटर जमिनीवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते.

संगमावर ओहोटीचे पाणी समुद्राच्या लाटांना भिडते तेव्हा लाटा एकाएकी उभ्या होतात, हे ध्यानात घेऊन चालवणाऱ्यासह चार माणसे ही आमची मर्यादा ठरली. त्या वजनाला पाणी जिथपर्यंत आले, तिथे दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारली आहे. ती बुडाली की एकाने खाली उतरायचे, असे घरात ठरले आहे.