दिवे घाटातून वळवाच्या ढगामागे

मार्चच्या उत्तरार्धात, एखाद्या सकाळी सदरा घामाने अंगाला चिकटला, की मी गाडीत इंधन भरून ठेवतो. नुसत्या कोरड्या उन्हाने गडगडाटी ढग उभा राहत नाही; त्याला समुद्रावरची दमट हवा लागते, आणि अरबी समुद्राकडून व बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे राज्याच्या मध्यावर एकमेकांना भिडले, म्हणजे दुपारी तीननंतर क्षितिजावर पांढरे मनोरे चढू लागतात. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजा दाखवते, तरी हडपसरच्या कोंडीत मी जितके ढग गमावले तितके हवामानाच्या लहरीने गमावलेले नाहीत.

मार्चअखेरच्या एका दुपारी मात्र वेळेत घाटमाथ्यावर पोहोचलो. मागे मस्तानी तलाव उन्हात होता आणि समोर सासवडच्या बाजूला ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला होता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत पंधरा सेकंद गेले, म्हणजे अंतर पाच किलोमीटर. पुढच्या खेपेला नऊच भरले, तेव्हा मी मुकाट्याने गाडीत बसून काचा वर केल्या. आधी धुळीची भिंत आली. ढगातून कोसळणारा पाऊस वाटेत सुकताना हवा गार करतो आणि ती जड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, तोच हा वारा. मग टपावर गारा वाजू लागल्या. सगळे ओसरल्यावर एक बोराएवढी गार उचलून पाहिली: मध्ये दुधी ठिपका, त्याभोवती काचेसारखा थर आणि पुन्हा दुधी कडा. ढगातल्या तिच्या चढउतारांचा हिशेब बोटांच्या उबेने मिनिटभरात विरघळला.

पुढे रस्त्याकडेच्या बागेत एक वयस्क शेतकरी पडलेली अंजिरे वेचत होते. मीठ्या बहाराचा, म्हणजे अंजिराच्या उन्हाळी पिकाचा, तोडा चालू होता आणि झाडावरची फळेही उकलली होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने राज्यभर काय केले, हे मी वाचले होते. पण इथे माझ्या पायांखालीच चिखलात फळे होती. “तुम्ही ह्याच्यासाठी पुण्यावरनं आलात व्हय?” त्यांनी विचारले. मी ओशाळून ढगांविषयी काहीबाही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि माझा नंबर मागितला. “निघायच्या आधी एक फोन करत जा. निम्मा तरी माल उतरवून हुईल.”

आता गाडीची किल्ली उचलण्याआधी मी तो फोन करतो.