सात प्रमाणकं आणि एक रिकामा रकाना

पाण्याची मोटार दर महिन्याला सारख्याच पैशांत दुरुस्त होत नाही. बारा वर्षं ग्रामपंचायतींची दप्तरं तपासल्यावर एवढं तरी कळतं. कधी वायंडिंग जळतं, कधी नुसता स्टार्टर जातो, कधी केबल बदलली की भागतं. त्यामुळे एका गावाच्या खर्चात ‘मोटार दुरुस्ती व मजुरी’ म्हणून 6,000 रुपयांची सात प्रमाणकं, म्हणजे खर्चाची व्हाउचरं, ओळीने दिसली, तेव्हा मी चहा बाजूला ठेवला.

मी पंचायत समितीत सहायक लेखा अधिकारी आहे. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा, निधी गावात गेला की तो कशावर खर्च झाला हे पडताळायचं आणि उपयोगिता प्रमाणपत्र पुढे पाठवायचं, हे माझं काम. तेव्हाच्या 15व्या आयोगाच्या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतींना जायचे, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला. आमचे 10 टक्के 2022 मध्ये समितीची मुदत संपून प्रशासक आल्यापासून थांबले होते, कारण निवडून आलेली समिती नसेल तर आयोगाच्या अटीनुसार पैसा मिळत नव्हता. निवडणुका लांबल्या त्यात गावकऱ्यांचा काय दोष, हे मला आजही पटलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या वाट्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेले 40 टक्के अबंधित. पण अबंधितमधूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही, ही अट होती.

गोष्ट 2023 च्या जूनमधली. गाव लहान, नळाला चार दिवसांआड पाणी. दप्तर नीट ठेवलेलं, रोकडवही वेळेवर लिहिलेली. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवरही सगळं जागच्या जागी: ग्रामसेवक आणि सरपंच, दोघांचे डिजिटल सहीचे डोंगल लागलेले, पैसे थेट खात्यात गेलेले. वरच्या बैठकांमध्ये साहेब लोक सांगतात की आता सगळं ऑनलाइन आहे, गडबडीला जागाच नाही. पैसे कुणाच्या खात्यात गेले ते पोर्टल दाखवतं, हे खरं. पण कशासाठी गेले, हे ग्रामसेवक लिहील तेच तिथे दिसतं.

मी साठा नोंदवही मागवली. मोटार खरंच दुरुस्त झाली असेल तर जुना माल निघतो. जळकी तांब्याची तार, झिजलेला इम्पेलर, तुटलेली बुशिंग, काहीतरी निघतंच, आणि ते वहीत चढतं, कारण पुढे भंगाराचा लिलाव होतो. इथे सात दुरुस्त्या आणि एकही नोंद नाही. दुकानाचं जीएसटी बिल एकाही प्रमाणकाला जोडलेलं नाही. तारखा 5 ते 8 च्या मधल्या, दर महिन्याच्या. त्यात ऑगस्ट आणि सप्टेंबरही. त्या गावाची विहीर पावसाळ्यात तुडुंब असते आणि उपसा निम्म्यावर येतो, तेव्हा मोटारीला होणार काय? शेवटी सातही प्रमाणकांचा खाते क्रमांक मी जुन्या वर्षांच्या नमुना 21 शी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देयकांच्या वहीशी, ताडून पाहिला. जुळला. तो गावच्या वॉलमनचा, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाचा होता.

एवढं सगळं अर्ध्या दिवसात शोधलं याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. आजही ते काम चोख होतं असंच मी म्हणेन.

ग्रामसेवकांना विचारलं तर त्यांनी लपवाछपवी केली नाही. “मॅडम, सात महिने त्यांना पंचायतीच्या स्वतःच्या निधीतून एक पैसा दिला नव्हता. आकृतिबंधात त्यांची जागा बसत नाही, म्हणून शासनाचा हिस्सा येत नाही. आणि पाणीपट्टी तुम्हाला माहीतच आहे. ते सोडून गेले तर पाणी कोण सोडणार?”

आकृतिबंध म्हणजे लोकसंख्येवर ठरलेली कर्मचाऱ्यांची संख्या. त्यात बसणाऱ्या माणसाच्या किमान वेतनाचा काही हिस्सा शासन देतं, आणि तोही करवसुलीच्या अटीवर. बाहेरच्या माणसाचा सगळा भार ग्रामनिधीवर. आणि ग्रामनिधी भरायचा कसा? वसुलीला गेलं की आधी पाणी द्या म्हणतात, आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार त्याच वसुलीतून. निवडणूक जवळ आली की सरपंचही घरोघरी जायला तयार नसतात.

मी आक्षेप लिहिला. न लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती दाखवून पगार दिला तर उद्या कुणीही काहीही दाखवेल. शेऱ्यात मी लिहिलं: ‘प्रत्यक्षात दुरुस्ती न होता बनावट प्रमाणके तयार करून रु. 42,000 अदा केल्याचे दिसते. रक्कम संबंधितांकडून वसूल करून आयोगाच्या खात्यात भरणा करावी.’

एकही शब्द चुकीचा नव्हता.

तीन आठवड्यांनी, दुपारी दीडच्या सुमाराला, एक गृहस्थ आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. साठीच्या आसपासचे. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी, व्हॉल्व फिरवायची, चांगली तीन फूट लांब. वरच्या आळीचं पाणी सोडून तसेच एसटीने आले होते. ती चावी ठेवायला त्यांना जागा सापडेना. शेवटी कपाटाच्या कडेला टेकवून ठेवली आणि ती घसरून पडू नये म्हणून एक पाय तिला लावून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“मॅडम, किती भरायचे माझ्याकडून?”

त्यांनी पासबुक उघडून टेबलावर ठेवलं. पेन्सिलीने सात ठिकाणी खुणा केल्या होत्या. 6,000 जमा. त्याखाली दोन-तीन दिवसांत 4,000 काढलेले, मग 1,500. एकाही महिन्यात पाचशेच्या वर शिल्लक उरलेली नव्हती.

“काका, तुम्ही काही भरायचं नाही. ती जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे.”

“पण कागदावर माझं नाव आहे ना. ग्रामसभेत वाचून दाखवलं, बनावट म्हणून. आता पोरं म्हणतात, वित्त आयोगाचे पैसे खाल्ले. मी तर रोज पाणी सोडलंय मॅडम. एक दिवस खाडा नाही.”

मी त्यांना समजावलं की बनावट हा शब्द प्रमाणकाला आहे, माणसाला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. पण ग्रामसभेत वाचताना प्रमाणक म्हणजे काय हे कुणाला कळणार, आणि त्यावरचं नाव तर सगळ्यांना कळतं, हे मला त्यांच्यासमोर बोलता बोलता उमगलं. त्याच शेऱ्यात मला आणखी एक ओळ लिहिता आली असती: ‘सदर व्यक्तीने पाणीपुरवठ्याचे काम प्रत्यक्षात केलेले असून त्यांचे मानधन थकीत आहे.’ ते खरं होतं, मला ठाऊक होतं, आणि लेखा संहितेतला कुठलाही नियम आडवा आला नसता. मी ती लिहिली नाही, कारण आक्षेपाला तिची गरज नव्हती.

ते गेल्यावर मी आधीच्या वर्षीचा माझाच तपासणी अहवाल काढला. नमुना 21 समोर माझी टिकमार्क होती, ‘पाहिले’. आणि त्या वहीत वॉलमनच्या नावापुढे मे महिन्यापासून सहीचा रकाना रिकामा होता. तेव्हा मला तो दिसला नव्हता असं म्हणता येणार नाही. रिकाम्या रकान्यात खर्च नसतो, आणि मी खर्च तपासत होते. पैसे गेले की आम्ही जागे होतो. जे द्यायला हवे होते आणि दिले नाहीत, ते आमच्या एकाही तपासणी सूचीत नाही. पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. सूची वरून ठरते, असं उत्तर मिळालं.

ग्रामसेवकांनी 42,000 दोन हप्त्यांत स्वतःच्या खिशातून भरले. अनुपालन, म्हणजे आक्षेपाची पूर्तता केल्याचं उत्तर, आलं, चलनाची प्रत जोडली, आक्षेप निकाली निघाला. माझ्या लेखी प्रकरण संपलं. मी गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीने ग्रामपंचायतीला वेगळं पत्र काढलं, वर लिहिलेली ती ओळ घालून, आणि ते ग्रामसभेत वाचावं असं नमूद केलं. वाचलं की नाही, याचा कागद अजून माझ्याकडे आलेला नाही.

आता मी कुठल्याही गावात गेले की रोकडवहीआधी नमुना 21 मागते. परवा त्या गावाचं दप्तर पुन्हा समोर होतं. वॉलमन काकांचं नाव वहीत आहे. रक्कम 6,000. एप्रिलची सही आहे, मेचीही आहे. जून, जुलै, ऑगस्ट रिकामे आहेत.