झेनर डायोडवर आलेला आळ

बॅटरीची झाकणं उघडली की प्लेटा कोरड्या दिसायच्या. डिस्टिल्ड वॉटर भरून पंधरा दिवस होत नाहीत तोच पुन्हा तीच गत. हेडलाइटचे दोन बल्बही पाठोपाठ गेले, दोन्ही वेळा गाडी वेगात असताना. गाडी १९६८ची ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं). सगळी उघडून, रंगवून, पुन्हा जोडून दोनच महिने झाले होते. बॅटरीला मीटर लावून रेस वाढवली, तर ३००० आरपीएमला १६.४ व्होल्ट! चार्जिंग भलतंच जास्त होत होतं.

या पिढीच्या गाड्यांत आजच्यासारखा बंद डब्यातला, व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर नसतो. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचं चुंबक असतं, त्यामुळे इंजिन फिरतंय तोवर वीज तयार होतच राहते, ती कमी करता येत नाही. जास्तीची वीज झेनर डायोड अर्थकडे वळवतो आणि तिची उष्णता करून टाकतो. पाण्याच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, अगदी तसंच. म्हणून पहिला संशय झेनरवर. लगेच नवा मागवायचा मोह झाला होता, पण मूळ भाग टाकून देणं जिवावर येतं. आधी तपासायचं ठरवलं.

बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. उतरलेल्या बॅटरीवर ही तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण सगळा करंट तीच पिते आणि झेनरपर्यंत काही पोचत नाही. सकाळी चार्जर काढून दोन तास थांबलो आणि मीटर लावला : १२.७. ठीक.

स्टेटर (अल्टरनेटरची स्थिर गुंडाळी) आणि रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) लवकर उरकले. स्टेटरच्या दोन वायरींत अर्धा ओहम, बॉडीला कुठेही टेकलेला नाही. रेक्टिफायरमधले चारही डायोड मीटरच्या डायोड सेटिंगवर एका बाजूनं ०.५५च्या आसपास दाखवत होते आणि उलट्या बाजूनं काहीच नाही. रेक्टिफायर खोलणाऱ्यांना एक कळकळीनं सांगतो : मधला बोल्ट एका पान्यानं धरून ठेवा आणि मगच दुसऱ्यानं नट सोडवा. प्लेटा एकमेकींवर फिरल्या तर आतली जोडणी तुटते.

आता झेनर. माझ्या गाडीत तो हेडलाइटखाली, फोर्कच्या खालच्या योकला (फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या भागाला) लावलेल्या, पात्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ठोकळ्यावर बसतो. त्याची वायर काढून मध्ये ॲमीटर जोडला, दहा ॲम्पियरच्या रेंजवर. व्होल्टमीटरची एक पिन झेनरच्या टर्मिनलवर, दुसरी हीट सिंकवर. लाइट बंद. धाकट्या भावाला रेस धरायला बसवलं.

“हळूहळू वाढव. मी सांगेपर्यंत थांबू नको.”

मॅन्युअल म्हणतं, १२.७५ व्होल्टपर्यंत झेनरमधून करंट जाता कामा नये आणि २ ॲम्पियरला व्होल्टेज १३.५ ते १५.३ मध्ये असावं. १२.५ला ॲमीटर शून्यावर. तेराच्या पुढे आकडा हलला. रेस चढत गेली आणि २ ॲम्पियरला व्होल्टमीटरवर १४.०.

“दादा, हा तर चांगला आहे की!”

चांगलाच होता. मग बॅटरीवर १६.४ कुठून? रेस तिथेच धरायला लावून पिना बॅटरीवर नेल्या : १५.४. झेनरवर १४ आणि बॅटरीवर १५.४, म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी १.४ व्होल्ट अडत होते. मग एकेक सांधा मोजला. झेनरचा तळ ते हीट सिंक, ०.०२. बॅटरीचं पॉझिटिव्ह ते लाल अर्थ वायरीचं टोक, ०.०५. हीट सिंक ते त्याच लाल वायरीची रिंग : १.३.

बोल्ट सोडवला. रिंगखाली काळंभोर, गुळगुळीत पावडर कोटिंग, वीज न जाऊ देणारं. योक कोटिंग करून आल्यावर जुळणी मीच केली होती आणि रिंग सरळ त्या कोटिंगवर आवळली होती. करंट जेमतेम बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. रेस वाढली, करंट वाढला की हा अडथळा आणखी व्होल्ट खायचा, म्हणून वेगात बल्ब जायचे. नुसत्या ओहम मीटरवर हा सांधा जेमतेम पाऊण ओहम दाखवत होता, सहज नजरेतून सुटला असता. करंट वाहत असताना मोजलं म्हणून पकडला गेला.

रिंगेपुरतं कोटिंग पॉलिश पेपरनं खरवडून चकचकीत धातू काढला, हीट सिंकचा तळही घासला. झेनरखाली पेस्ट, वॉशर काहीही घातलं नाही. धातूला धातू टेकला पाहिजे. त्याचा स्टड तांब्याचा, मऊ असतो. जोर लावला तर तुटतो, म्हणून छोटा पाना टोकाशी न धरता मध्येच धरून आवळला. शिवाय हीट सिंकपासून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली.

पुन्हा रेस. ३००० आरपीएम, बॅटरीवर १४.३. चार हजारला १४.५, तिथून पुढे सरकेना. हीट सिंक आता हाताला चांगलाच गरम लागत होता. आधी तो कोमटच राहायचा आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं झाकणं उघडली. पाणी वरच्या रेघेला होतं.